चार विसा

“फ्रेंच शिकून फायदा काय?” नवऱ्यानं विचारलं.
तासाला पाऊण डॉलर जास्त, मी म्हटलं.
ते खरंही आहे. पगारपत्रकात वेगळी ओळ येते.

लुइस्टन, मेन. नदीकाठी विटांच्या गिरण्या,
गिरण्यांत आता दातांचे दवाखाने,
आणि पलीकडे वृद्धाश्रमात माझी रात्रपाळी.
बारा नंबरला रोझ-आल्मा लव्हेक.
चाळीस वर्षं पलंगपोस विणले तिनं.
आता तिचं इंग्रजी उसवत चाललंय,
आडवा धागा आधी गेला.
उभा ताणा राहिलाय, तो फ्रेंच.

रविवारी मुलगी येते, डायॅन, तीही सत्तरीची.
आई काहीतरी मागते.
ती मान हलवते, पाण्याचा पेला पुढे करते.
दर वेळी पाणी.

मंगळवारी ग्रंथालयाच्या तळघरात आमचा वर्ग.
शिकवायला म्बुयीसर, किन्शासाचे,
दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात.
म्हणाले, ही काही देवळात जन्मलेली भाषा नव्हे.
रोमच्या शिपायांची, भाजीबाजारातली मोडकी लॅटिन.
शहाणे नाक मुरडत.
पुढे तीच गादीवर बसली
आणि तिनंही नाक मुरडायला घेतलं.
“माझ्या वडिलांना शाळेत छड्या बसल्या,
ही बोलता येईना म्हणून.”

रोझ-आल्माला शिक्षा झाली, बोलली म्हणून.
हे तिनं सांगितलं नाही.
एका रात्री जेवणाचा तक्ता भरायला पेन्सिल दिली
तर हात आपोआप चालू लागला,
वळणदार इंग्रजीत, ओळीखाली ओळ:
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
सतराव्या ओळीला कागद संपला.
इंग्रजी तेवढंच उरलंय.

मला मात्र काही शब्द ओळखीचेच निघाले.
अननस अननसच.
साबणातला न नाकात गेला, एवढंच.
इस्पितळातला स त्यांनी केव्हाच सोडला,
पण शेजारच्या स्वरावर एक छोटं छप्पर ठेवलं,
तो इथे राहत होता, म्हणून.
(आमच्या इस्पितळात तो अजून दाखल आहे.)
मला अप्पांची पत्रं आठवली:
नांव, पांच, कांहीं.
कुणीच उच्चारत नसलेलं ते टिंब
नियम बदलले तरी शेवटपर्यंत देत राहिले,
मेलेल्या माणसाचं पान वाढावं तसं.

ऐंशीला हे लोक ‘चार-वीस’ म्हणतात.
वर्ग हसला. मी नाही हसले.
गुहागरला आमचा पाडेली नारळ असेच मोजायचा,
वीस झाले की एक खडा बाजूला.
चार विसा आणि वर तेरा:
रोझ-आल्माचं वय.

गेल्या रविवारी खिडकीशी बर्फ साचलेलं.
ती म्हणाली, “फ्रेत.”
डायॅननं पाणी पुढे केलं.
हा शब्द माझ्या पुस्तकात नाही,
पुस्तकात थंडीला वेगळाच, चापूनचोपून बसवलेला.
म्बुयीसरांनाही ठाऊक नव्हता.
मी तो तिच्या पावलांना हात लावून शिकले होते.
“गारठल्यात त्या,” मी सांगितलं,
कपाटातून पलंगपोस काढला, तिच्याच गिरणीतला,
आणि पायांवर टाकला.

निघताना डायॅन माझ्यापाशी थांबली.
काय म्हणाली ती? पुन्हा म्हण.
फ्रेत.
“फ्रेत,” ती म्हणाली, अगदी हळू,
दाराकडे बघत,
बाई येतायत का ते पाहून.

सकाळी घरी आले.
मुलाला म्हटलं, फार गारठा आहे रे, टोपी घाल.
त्यानं मान हलवली.
टोपी खुंटीवरच.